अपुऱ्या दिवसांचे मूल : कारणे आणि आपले कर्तव्य

(संस्थेच्या माता-पालक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर. स्मरणिकेच्या वाचकांसाठी काही ठिकाणी थोडा विस्तार केला आहे.)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे हा विषय पाहून काही भगिनींनी तोंडाला पदर लावला, तो मी व्यासपीठावरून पाहिला. त्यांचे चुकले असे मी म्हणणार नाही. मी बी. ए., बी. एड. झालेला शिक्षक आहे. मुलांना मराठी आणि इतिहास शिकवतो. डॉक्टर नाही. तरीही हा विषय मी मागून घेतला, कारण तो माझ्या घरात घडला आहे आणि त्यात माझी चूक होती.

माझ्या पत्नीला दुसऱ्या खेपेला आठवा महिना लागला होता. एप्रिल अखेरचे दिवस. लघवीला जळजळ होऊ लागली. घरात सर्वांचे एकमत झाले की उन्हाळी लागली आहे. धणे-जिऱ्याचे पाणी झाले, सब्जा झाला. चार दिवसांनी थंडी वाजून ताप आला, तेव्हा मीच औषधांच्या दुकानातून तापाची गोळी आणून दिली. सहाव्या रात्री कंबर दुखू लागली आणि पहाटे पाणी गेले. मुलगी जन्मली ती चौतिसाव्या आठवड्यात, वजन १ किलो ८०० ग्रॅम. डॉक्टरांनी मागाहून सांगितले की लघवीच्या मार्गातील जंतुसंसर्ग मूत्रपिंडापर्यंत चढला होता आणि त्यानेच कळा आणल्या असाव्यात. एक साधी लघवीची तपासणी आणि पाच-सात दिवसांचे औषध, एवढ्याने कदाचित निभावले असते. पंधरा वर्षे पुस्तके हाताळणाऱ्या माणसाला एवढे ठाऊक नव्हते. मग ज्यांना शाळा मिळाली नाही त्यांना आपण कोणत्या तोंडाने अडाणी म्हणणार?

आता थोडा हिशेब. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजले तर पूर्ण दिवसांचे गरोदरपण साधारण २८० दिवसांचे, म्हणजे ४० आठवड्यांचे. ३७ आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मलेले मूल हे अपुऱ्या दिवसांचे मूल. ३२ आठवड्यांच्या आतले अधिक नाजूक आणि २८ च्या आतले अतिनाजूक. आपल्या घरांतून पुष्कळ वेळा चांद्र महिन्यांनी मोजतात, 'रजबच्या अमुक तारखेपासून' असे. चंद्राचा महिना साडेएकोणतीस दिवसांचा. असे नऊ महिने म्हणजे सुमारे २६६ दिवस. शेवटच्या पाळीपासून हे नऊ महिने मोजणाऱ्याला दोन आठवडे आधीच वाटू लागते की दिवस भरले. म्हणून पाळीची तारीख लिहून ठेवावी आणि पहिल्या तीन महिन्यांत एकदा सोनोग्राफी करून घ्यावी. सुरुवातीच्या सोनोग्राफीवरून दिवसांचा अंदाज जितका नेमका येतो तितका शेवटच्या महिन्यातील सोनोग्राफीवरून येत नाही. हेही सांगितले पाहिजे की, डॉक्टरी कारण नसता केवळ सोयीचा दिवस किंवा सुट्टी पाहून आधीच सिझेरियन करवून घेणारी सुशिक्षित कुटुंबे आता निघाली आहेत. ती मुलाचे हक्काचे दिवस कापतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० साली जगात १ कोटी ३४ लाख मुले अपुऱ्या दिवसांची जन्मली. त्यांपैकी सुमारे ३० लाख एकट्या भारतात, म्हणजे आपल्याकडे जन्मणाऱ्या साधारण आठ मुलांमागे एक. पाच वर्षांच्या आत दगावणाऱ्या मुलांच्या मृत्यूचे जगभरातील पहिले कारण हेच आहे. जी वाचतात त्यांतील काहींना दृष्टीचे, ऐकण्याचे किंवा शिकण्याचे अडथळे राहतात. वर्गात मागच्या बाकावर बसून फळा दिसत नाही म्हणून गप्प राहणारा मुलगा कधी कधी या कारणाने गप्प असतो. शिक्षक म्हणून हा विषय माझा होतो तो असा.

एक समजूत येथेच निकालात काढू. 'सातव्याचे जगते, आठव्याचे जगत नाही.' माझी मुलगी काचेच्या पेटीत असताना भेटायला आलेल्या एका वडीलधाऱ्या बाईंनी हेच शब्द माझ्या पत्नीसमोर उच्चारले. बाई प्रेमळ होत्या, मनात वाईट नव्हते. पण त्या रात्री पत्नी जेवली नाही. ही समजूत आपल्याच गावची नव्हे. प्राचीन ग्रीक वैद्यांच्या ग्रंथांतही ती सापडते. ती चुकीची आहे. आईच्या पोटात काढलेला प्रत्येक जादा आठवडा मुलाच्या जगण्याची शक्यता वाढवितो. आठव्या महिन्याचे मूल सातव्यापेक्षा अधिक तयार असते. न्यूटन दिवस भरण्याआधी जन्मला आणि लहानशा भांड्यात मावेल एवढा होता असे सांगतात. ते खरे धरले तरी अशा एका न्यूटनमागे किती कबरी असतील, त्यांची नोंद कोणी ठेवली नाही.

मूल लवकर का जन्मते? प्रथम प्रामाणिकपणे हे सांगितले पाहिजे की पुष्कळ बाळंतपणांत नेमके कारण सापडतच नाही. सर्व पथ्य पाळलेल्या बाईचेही मूल लवकर जन्मू शकते. तेव्हा 'हिने काही उचलले असेल', 'ही दुपारी झोपत नव्हती' असे दोषारोप करणे हा अन्याय होय. काही घरांतून याहूनही वाईट बोलले जाते, महिन्यांचा हिशेब मांडून बाईच्या चारित्र्यावर शिंतोडे उडविले जातात. अशा लोकांना मी एवढेच सांगतो की, आपल्या फकीहांनी हा प्रश्न शेकडो वर्षांपूर्वी सोडविला आहे. कुरआनात एके ठिकाणी गर्भ वाहणे आणि दूध तोडणे यांची मिळून मुदत तीस महिने सांगितली आहे, दुसऱ्या ठिकाणी दुधाची दोन वर्षे. वजाबाकी केली की सहा महिने उरतात. गर्भाची किमान मुदत त्यांनी त्यावरूनच धरली. चौथीच्या मुलाला येणारी ही वजाबाकी एखाद्या सुनेची अब्रू राखते.

काही कारणे मात्र माहीत आहेत. आधीचे एखादे बाळंतपण अपुऱ्या दिवसांत झाले असेल तर पुढच्या खेपेला धोका अधिक. तेव्हा पहिल्याच तपासणीत डॉक्टरांना ते सांगावे, लाजेने लपवू नये. जुळे असेल तर धोका अधिक. रक्तदाब वाढणे, मधुमेह, वार खाली असणे किंवा वेळेआधी सुटणे, गर्भजल फार असणे ही डॉक्टरांनी पाहावयाची कारणे. आपले काम एवढेच की तपासणी चुकवू नये. हिवताप आणि लघवीच्या मार्गातील संसर्ग यांविषयी मी माझ्या घरची गोष्ट सांगितली. त्यात एक भर घालतो. हा संसर्ग जळजळ न होताही असू शकतो. म्हणून काही त्रास नसला तरी लघवी तपासतात. 'मला काही होत नाही' म्हणून बाटली रिकामी परत देऊ नये.

मिश्रीबद्दल मला जरा जास्त बोलावयाचे आहे. आपल्या समाजातील पुरुषांच्या विडीविषयी व्याख्याने झाली, २०१२ साली महाराष्ट्रात गुटख्यावर बंदी आली. पण तव्यावर भाजलेली तंबाखू सकाळी दातांना चोळणे हे व्यसन आहे असे आपल्या बायकांना वाटतच नाही. ते त्यांना दात घासणे वाटते. गरोदरपणात मळमळते म्हणून दिवसातून तीन-चार वेळा मिश्री लावणाऱ्या भगिनी मी स्वतः ओळखतो. मुंबईत बाराशेहून अधिक गर्भवती स्त्रियांची पाहणी झाली आणि ती २००४ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आली. तंबाखू वापरणाऱ्या स्त्रियांपैकी बहुतेकजणी मिश्रीच लावीत होत्या. त्यांच्या मुलांचे वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरले आणि ती सुमारे सहा दिवस आधी जन्मली. सहा दिवस ही सरासरी आहे, हे ध्यानात घ्या. सरासरीत कोणाचे सहा दिवस असतात, कोणाचे दोन महिने. बत्तिसाव्या आठवड्याआधी होणारी बाळंतपणे त्यांच्यात कितीतरी पटींनी अधिक आढळली. मिश्री एकदम सुटत नाही, हे मला मान्य. पण डबी घरात आणून देणारा नवरा असतो, हेही मान्य करावे लागेल. नवऱ्याने घरात ओढलेल्या विडीचा धूर आणि चुलीचा धूरही पोटातल्या मुलापर्यंत पोहोचतो.

रक्त कमी असणे हे दुसरे मोठे कारण. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील निम्म्याहून अधिक, ५२ टक्के गर्भवती रक्तक्षयी आढळल्या. गर्भवतीचे हिमोग्लोबिन ११ च्या वर असावे. त्यासाठी लोहाच्या गोळ्या उपकेंद्रात फुकट मिळतात, आणि त्या कोठे जातात? फडताळात. गोळीने मूल काळे होते, मूल फार मोठे होऊन बाळंतपण अडते, असे कोणीतरी सांगितलेले असते. दोन्ही गोष्टी खोट्या. शौचाचा रंग काळा होतो, मुलाचा नव्हे. गोळी चहाबरोबर घेऊ नये. चहाने लोह अंगी लागत नाही. लिंबू-पाण्याबरोबर घ्यावी. आणि घरात सर्वांचे उरकल्यावर तपेलीच्या तळाशी राहील ते सुनेने खायचे, ही रीत निदान नऊ महिन्यांपुरती तरी मोडावी. मटणाचे चार तुकडे तिच्या ताटात आधी पडले तर खानदानाची इज्जत कमी होत नाही. उन्हातानात जड ओझी वाहणे, तासन्‌तास उभ्याने काम आणि घरातली मारहाण यांचाही येथे संबंध आहे. शेवटच्या गोष्टीविषयी मला अधिक बोलण्याची गरज पडू नये.

रोजांचा प्रश्न मेळाव्यात एका भगिनीने चिठ्ठी पाठवून विचारला. रोजा ठेवल्याने मूल लवकर जन्मते असे आजवरच्या अभ्यासांतून सिद्ध झालेले नाही, हे प्रथम सांगतो. उगाच भीती घालू नये. पण जिचे रक्त कमी आहे, जिला मधुमेह आहे, रक्तदाब आहे किंवा उन्हाळ्यात चक्कर येते, तिने हट्ट करू नये. गर्भवतीला आणि अंगावर पाजणाऱ्या आईला स्वतःच्या किंवा मुलाच्या जिवाची भीती असेल तर रोजा पुढे ढकलण्याची सवलत शरियतने दिलेली आहे. अल्लाहने दिलेली सवलत सासूने काढून घेऊ नये.

दोन मुलांतील अंतर कमी असले तरी मूल लवकर जन्मण्याचा धोका वाढतो. एका बाळंतपणानंतर पुन्हा दिवस राहण्याआधी किमान दोन वर्षे जावीत असा आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. आईने मुलाला पाजण्याची दोन वर्षे आपल्या धर्मग्रंथानेच सांगितली आहेत, हे मी वर म्हटले. मात्र पाजते आहे म्हणून दिवस राहणार नाहीत, या भरवशावर सहा महिन्यांनंतर कोणी राहू नये. डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. आमच्या भागात निम्म्या घरांतील पुरुष आखातात आहेत. तेथे अंतर ठरते ते आईच्या प्रकृतीवरून नव्हे, साहेबाने दिलेल्या सुट्टीवरून. दोन महिन्यांची सुट्टी, नंतर दोन वर्षे ताटातूट; तेव्हा घाई होते. ती घाई मी समजू शकतो. पण मागील बाळंतपण नुकतेच झाले असेल तर सुट्टीपेक्षा आईचे अंग महत्त्वाचे.

आखाताचा विषय निघाला म्हणून आणखी एक सांगतो. पाणी जाणे, रक्त दिसणे, थांबून थांबून पण ठरावीक वेळाने पोट कडक होणे, कंबरेत राहून राहून कळ येणे, खाली दाब वाटणे, डोके ठणकून डोळ्यांपुढे अंधारी येणे, मुलाची हालचाल मंदावणे. यांतील काहीही झाले तर त्याच तासाला दवाखाना गाठावा. परंतु आमच्याकडे होते काय? दुबईला किंवा कुवेतला फोन लागण्याची वाट पाहतात. तो कामावर असतो, फोन उचलत नाही. सासरे मशिदीतून येईपर्यंत थांबतात. दुआ जरूर करावी, ती वाटेत गाडीतही करता येते. परदेशी जाणाऱ्या प्रत्येक भावाला माझी विनंती आहे : जाताना घरी सांगून जा की हिला केव्हाही न्यायचे झाले तर मला विचारायचे नाही, आणि थोडे पैसे तिच्या हातात ठेवा, कपाटाच्या किल्लीत नव्हे. १०८ क्रमांकाची गाडी फुकट येते. सरकारी रुग्णालयात बाळंतपण आणि आजारी नवजात बालकाचा उपचार २०११ पासून मोफत आहे.

लवकर पोहोचण्याने काय साधते? एक गोष्ट सांगतो, ती मला इतिहासाच्या पुस्तकातील अनेक लढायांपेक्षा मोठी वाटते. न्यूझीलंडमध्ये लिगिन्स नावाचे डॉक्टर मेंढ्यांवर प्रयोग करीत होते. त्यांना शोधायचे होते निराळेच, बाळंतपणाच्या कळा कशाने सुरू होतात ते. त्यांच्या ध्यानात आले की एका विशिष्ट औषधानंतर जन्मलेली अपुऱ्या दिवसांची कोकरे, जी श्वास घेऊ शकणार नाहीत असे धरले होते, ती श्वास घेत आहेत. औषधाने त्यांची फुप्फुसे आधीच तयार केली होती. त्यांनी आणि डॉ. हॉवी यांनी माणसांवर हे तपासून १९७२ साली प्रसिद्ध केले. आज चौतीस आठवड्यांच्या आत कळा सुरू झालेल्या आईला रुग्णालयात ही इंजेक्शने देतात, किंमत अगदी थोडी. पण त्यांचा पूर्ण गुण येण्यास एक-दोन दिवस लागतात. तेव्हा जी आई पहिल्या कळेला निघते तिच्या मुलाला त्यांचा पुरता लाभ होतो, आणि जी शेवटच्या कळेला निघते तिच्या मुलाला फारसा होत नाही.

दुसरे नाव आपल्या मातीतले. डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर हे गोव्यातील शिरोड्याचे, मुंबईत नावारूपाला आलेले. चौथ्या-पाचव्या-सहाव्या महिन्यात कळांवाचून वारंवार गर्भ गमावणाऱ्या स्त्रियांकडे त्यांनी बारकाईने पाहिले. गर्भपिशवीचे तोंडच सैल असल्याने ती ओझे पेलू शकत नाही, हे ओळखून तेथे टाका घालण्याची शस्त्रक्रिया त्यांनी १९५५ साली मांडली. 'शिरोडकर टाका' या नावाने ती जगभर शिकविली जाते. हा टाका सर्वांसाठी नव्हे, हे खरे. पण ज्या बाईला दोन-तीन वेळा असे झाले आहे तिला 'बाहेरची बाधा' म्हणून दर्ग्या-दर्ग्यांतून फिरविण्याआधी एकदा स्त्रीरोगतज्ज्ञाकडे न्यावे.

आणि मूल लवकर जन्मलेच, तर? १९७८ च्या सुमारास कोलंबिया देशातील बोगोटा शहरी एका रुग्णालयात काचेच्या पेट्या अपुऱ्या पडू लागल्या. एका पेटीत दोन-दोन मुले ठेवावी लागत. डॉ. एडगर रे यांनी आयांना सांगितले की मूल उघड्या छातीला बांधून ठेवा, कांगारू ठेवते तसे. त्यातून जी पद्धत निघाली ती आता श्रीमंत देशांतही चालते. दिल्लीच्या सफदरजंग रुग्णालयासह पाच देशांतील रुग्णालयांत याचा मोठा अभ्यास झाला. जन्मल्याबरोबर आईच्या छातीशी ठेवलेल्या कमी वजनाच्या मुलांतील मृत्यू एक चतुर्थांशाने घटल्याचे २०२१ साली प्रसिद्ध झाले.

माझ्या मुलीच्या वेळी पत्नीला ताप होता. परिचारिका मला म्हणाल्या, "सर, सदरा काढा आणि बसा." मी दाराकडे पाहिले, कोणी ओळखीचे नाही ना! मग बसलो. बाराशे मुलांच्या शाळेत छडीशिवाय शिस्त ठेवतो असा माझा लौकिक, आणि पावणेदोन किलोचा तो जीव छातीवर ठेवताना माझे हात कापत होते. रोज चार-चार तास, असे अकरा दिवस. आता ती बालवाडीत आहे आणि अतिशय हट्टी आहे.

शेवटची गोष्ट सांगून थांबतो, आणि ही सर्वांत जड आहे. काही वर्षांपूर्वी नववीच्या वर्गातील एक मुलगी वडिलांबरोबर कार्यालयात आली. निबंध सुरेख लिहायची. वडिलांना शाळा सोडल्याचा दाखला हवा होता. स्थळ चांगले आहे, मुलगा कतारला आहे, सर. मी वर्गशिक्षक होतो. दोन वाक्ये बोललो, वडील हसले, मी शेऱ्याच्या रकान्यात 'वर्तन चांगले' असे लिहून सही केली. सतरावे लागले असताना तिला मूल झाले, तिसाव्या आठवड्यात. अंगात रक्त सात, तपासणी एकदाच झालेली. मूल नऊ दिवस जगले. विशीच्या आतील आयांना रक्तदाबाचा आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळंतपणाचा धोका अधिक असतो, हे मी त्यानंतर वाचले. २०१९-२१ च्या त्याच पाहणीत महाराष्ट्रातील वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे २२ टक्के जणींचे लग्न अठराच्या आत झालेले आढळले. हे प्रमाण सर्व समाजांचे मिळून आहे. दुसऱ्याकडे बोट दाखविण्यास कोणालाच जागा नाही. कायद्याने वय ठरविले आहे, पण मी कायद्याची भीती घालण्यासाठी उभा नाही. मी त्या सहीबद्दल बोलतो आहे. आमच्या शाळेत आता दहावीच्या आत मुलीचा दाखला मागितला की मुख्याध्यापक आणि दोन शिक्षक घरी जातात, चहा घेतात आणि उठायला उशीर करतात. गेल्या वर्षी पाच घरी गेलो. तीन मुली परत वर्गात आहेत.

ती मुलगी यंदा जूनमध्ये शाळेत आली होती. बरोबर सासू होती, तीच बोलली. सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसता येईल काय, असे विचारत होत्या. मी जुने हजेरीपत्रक काढले. फॉर्मसोबत जोडायला शाळा सोडल्याचा मूळ दाखला लागतो. तो तिने जपून ठेवला होता. खाली माझी सही होती.